बिनकॉफीचे दिवस

४ तारीख, मंगळवार

झोपेच्या दवाखान्यातून एक छापील तक्ता मिळालाय. कधी झोपलात, कधी उठलात, दिवसा डुलकी लागली का, काय प्यालात. रोजची एक ओळ. माझं एका ओळीत भागत नाही, म्हणून ही वही काढली. तक्त्यात मोजकं लिहीन, इथे खरं.

तर पहिलं खरं : मी झोपले नव्हते.

क्रेनच्या केबिनमध्ये बसले होते, हात लिव्हरवर होता, डोळे उघडे होते. हुकाला पत्र्याची कॉइल होती, हत्तीच्या पिल्लाएवढं गुंडाळं. ती थप्पीपाशी थांबवायची, ती जरा पुढे गेली. खालून शिट्टी वाजली, मी ऐकली, थांबवली. एवढंच. खालचे म्हणतात, शिट्टी सात-आठ वेळा वाजली आणि कॉइल माणसांच्या जायच्या वाटेवर आली होती. मी एकच ऐकली. पत्र्याच्या गोदामात दिवसभर खणखणाट असतो, तिथे शिट्ट्या मोजत कोण बसतं.

पण कुणीतरी वर तक्रार केली. सेफ्टीसाहेबांनी मला बोलावलं आणि बसा म्हणाले. ते कुणाला बसा म्हणाले की समजावं, उभं राहायची सोय संपली.

"बाई, झोपेची तपासणी करून या. तोवर केबिन बंद."

नऊ वर्षं मी ती शिडी चढतेय. गोदामात केबिनमध्ये बसणारी मी एकटी बाई. आता माझ्या जागेवर गोदामातला तो उंच पोरगा, लांबू, बसणार. त्याचे पाय त्या केबिनमध्ये मावत नाहीत, पण डोळा तिच्यावर कधीपासून आहे. तक्रार कुणाची असेल ते सांगायला ज्योतिषी नको.

तपासणी १९ च्या रात्री आणि २० ला दिवसभर. तोपर्यंत कॉफी बंद. चहा, कोला, चॉकलेट, सगळंच. मी दिवसाला सहा-सात कप कॉफी पिते, थर्मास वर घेऊन जाते. डॉक्टर म्हणाले, "कॉफी म्हणजे तुमच्या झोपेवरचं झाकण आहे. झाकण काढल्याशिवाय आत काय शिजतंय ते मला दिसणार नाही."

मी म्हटलं, "आत काही शिजत नाही डॉक्टर, शेगडीच बंद आहे."

डॉक्टर हसले. शेजारी बसलेला नवरा हसला नाही. एके काळी हा दगडाला हसवायचा. आता माझ्याशी बोलतो ते बातम्या दिल्यासारखं.

५ तारीख, बुधवार

डोकं ठणकतंय. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

लिहिण्यासारखं आहे, पण लिहायला लाज वाटते. मला यार्ड ऑफिसात लेबलं चिकटवायला बसवलंय. काचेतून क्रेन दिसते. लांबू ती नवशिक्यासारखी हिसके देत चालवतो.

घरी वेगळाच जाच. मी गॅसपाशी उभी राहिले की सासूबाईंना नेमकं तेव्हाच ओट्यावरचं काहीतरी हवं असतं. मीठ हवं, झाकण हवं, नाहीतर नुसतंच "बघू काय करतेस". पोलिसासारख्या मागे. लग्नाला बारा वर्षं झाली तरी माझ्या हातच्या स्वयंपाकावर त्यांचा भरवसा नाही.

७ तारीख, शुक्रवार

काल डोकं एवढं दुखलं की भिंतीवर आपटावंसं वाटलं. दुपारी लेबलं उलटी चिकटवली, पुन्हा काढली. संध्याकाळी सासूबाई त्यांचा औषधांचा डबा घेऊन आल्या.

"ही घे. माझं डोकं दुखलं की मी हीच घेते."

तशा त्या कधी स्वतःहून काही देत नाहीत, म्हणून नाही म्हटलं नाही. तासाभरात डोकं कापसासारखं हलकं. आज सकाळी एक घेतली, दुपारी एक. रामबाण आहे.

९ तारीख, रविवार

उगीच बाऊ केला होता मी. कॉफी सोडणं म्हणजे काही डोंगर हलवणं नाही. सकाळी एक गोळी, दुपारी एक, की दिवस झकास जातो. शुक्रवारी तर लेबलांचं काम वेळेआधी उरकलं. या हिशेबाने तपासणीत काय सापडणार? आणि मग लांबूला पाय दुमडून खाली उतरावं लागेल.

आज शेजाऱ्यांच्या दारात नवरा काहीतरी सांगत होता आणि अख्खा जिना खिदळत होता. काय चाललंय बघावं म्हणून मी बाहेर आले. मला पाहिलं आणि हा गप्प. "काही नाही गं, असंच," म्हणाला. शेजारीण डोळे पुसत होती हसून हसून, आणि मला म्हणे काही नाही.

आम्ही शेवटचं मनापासून हसलो ते याच जिन्यावर. त्याने शेजारच्या आजोबांची नक्कल केली, आणि मी हसता हसता खालीच बसले. हातातलं दुधाचं भांडं जिन्यावरून टणाटण खाली. गुडघ्यातला जोरच गेला होता. हसल्यावर सगळ्यांचाच जातो. मला वाटतं त्याला दूध सांडल्याचा राग आला असावा, कारण त्यानंतर हा असा झाला. एवढ्याशा दुधासाठी माणूस असा बदलतो का, हे कुणाला विचारावं?

११ तारीख, मंगळवार

मामा आज यार्ड ऑफिसात येऊन बसले. मामा म्हणजे माझा खालचा माणूस. कॉइलला साखळी लावायची, शिट्टी द्यायची, हातवारे करून मला सांगायचं, हे त्यांचं काम. नऊ वर्षं मी वर आणि ते खाली. एकमेकांचे चेहरे कमी बघितलेत, हातच जास्त.

त्यांची एक जुनी खोड आहे. जेवणाची सुट्टी संपली की ते हुकाच्या वाटेला येत नाहीत. साखळी लावतात आणि तडक खांबाआड जाऊन उभे राहतात, तिथूनच हात दाखवतात. मी एकदा चिडवलं होतं, मामा तिथे पंखा आहे म्हणून ना? ते म्हणाले, वय झालं पोरी.

आज बराच वेळ लेबलांची गुंडाळी हातात फिरवत बसले. मग विचारलं, "रागावली नाहीस ना?"

"तुमच्यावर कशाला रागावू मामा? ज्याच्यावर रागवायचं तो वर बसलाय."

त्यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, लांबू काय बोलतो, कुणाकडे जातो, जरा लक्ष ठेवा. ते म्हणाले, "तो पोरगा वाईट नाही." आणि उठून गेले. भोळा माणूस. सगळ्यांत चांगलंच बघतो.

१३ तारीख, गुरुवार

दवाखान्यातून फोन आला. तिथली तंत्रज्ञ, जिला मी मनात वायरवाली म्हणते, कारण पहिल्या भेटीत तिने मला भिंतीवर त्या सगळ्या वायरी दाखवल्या होत्या. तक्ता नीट भरताय ना, कॉफी बंद आहे ना, असं विचारत होती. मी ऐटीत सांगितलं, थेंबसुद्धा नाही.

"दुसरी काही औषधं?"

"डोकेदुखीची गोळी. साधीच."

"पाकिटावरचं वाचून दाखवता?"

मी स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला. बारीक अक्षरं, सासूबाईंचा चष्मा लावून वाचली. तिसरं नाव वाचलं आणि मीच थांबले. तिकडून ती म्हणाली, "हो. कॅफीन. बऱ्याच गोळ्यांत असतं. किती घेता?"

मी सांगितलं. तिने डॉक्टरांना विचारून येते म्हणून फोन धरायला सांगितला. त्या वेळात सासूबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी भिंतीकडे. तारीख गेली तर पुढची दोन महिन्यांनी. सेफ्टीसाहेबांनी महिनाअखेरीची मुदत दिली आहे. तोवर कागद हातात नसेल तर केबिन कायमची लांबूची.

ती परत आली. "अजून सहा दिवस आहेत. आजपासून पूर्ण बंद केलीत तर डॉक्टर तपासणी करायला तयार आहेत. डोकं दुखलंच तर मी नाव सांगते तीच साधी गोळी घ्या. पण एक सांगू? या दिवसांत गाडी चालवू नका, उंचावर चढू नका, एकट्या गॅसपाशी राहू नका."

मी म्हटलं, मला काय झालंय एवढं.

फोन ठेवला तर सासूबाई डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. "मी तुझं वाईट व्हावं म्हणून दिली नाही गं," म्हणाल्या. मला माहीत होतं. पण मी ते बोलले नाही. नुसती पाण्याचा ग्लास घेऊन आत गेले. नऊ दिवस पाण्यात गेले, एवढंच डोक्यात होतं.

१४ तारीख, शुक्रवार

सकाळी उठले तेव्हा बरं वाटत होतं. चहा नाही, कॉफी नाही, गोळी नाही. ऑफिसात पोचले आणि टेबलाशी बसून पहिली

वरची ओळ दुपारी घरी लिहायला घेतली होती. आता दिवे लागलेत. शेवटचं अक्षर खाली घसरत पानाच्या कडेपर्यंत गेलंय. पेन खराब झालं असावं.

ऑफिसातून मला मामांनी घरी आणून सोडलं. का ते नीट आठवत नाही. लेबलांचा गठ्ठा म्हणे मी कचऱ्याच्या डब्यात एक-एक करून व्यवस्थित टाकत होते. कुणी विचारलं तर उत्तरं देत होते. मला त्यातलं काही आठवत नाही. मनावर ताण आहे, दुसरं काय.

१६ तारीख, रविवार

दोन दिवस घरीच. झोपते, उठते, पुन्हा झोपते. झोपून उठलं की बरं वाटतं, मग तासाभरात पुन्हा डोळ्यांवर वाळूचं पोतं. तक्त्यात डुलक्यांची जागा पुरत नाही. थोड्या कमी लिहिल्या.

सासूबाई न्हाणीघराच्या दारावर दर दोन मिनिटांनी टकटक करतात. "आहेस ना?" मी म्हटलं, कुठे जाणार आई, खिडकीतून? दूध तापवायला ठेवलं तर मागून येऊन गॅस बंद केला. मी म्हटलं, मी करणारच होते. त्या म्हणाल्या, "भांडं काळं झालंय." पाहिलं तर खरंच झालं होतं. आत्ताच तर ठेवलं होतं.

संध्याकाळी लांबू आला. घरी. फळं घेऊन. मी म्हटलं आता काय बघायला आलाय, मेले की जिवंत आहे? पण तो दारातच घुटमळत उभा. नवरा बाहेर गेला होता. सासूबाईंनी आत बोलावलं तेव्हा बसला.

"बाई, तुमची केबिन मला नको," म्हणाला. "त्या खुर्चीत माझी पाठ मोडते. तुम्ही या परत."

मग आवाज उतरवून त्याने सांगितलं. रात्री तर झोपायचंच असतं, त्यात काय. दिवसाची तपासणी खरी. दर दोन तासांनी अंधार करून आडवं करतात आणि बघतात झोप लागते का. लागली की संपलं. त्याच्या चुलतभावाने, जो लांबच्या गाड्या चालवतो, सकाळी गुपचूप कडक कॉफी मारली आणि पास झाला. "कुणाला कळत नाही," म्हणाला आणि खिशातून कॉफीची दोन पाकिटं काढून माझ्या हातात दिली. नळाच्या गरम पाण्यातही विरघळते म्हणे.

तो गेल्यावर मी विचार करत बसले. हा असा का वागला? चोराच्या मनात चांदणं. तक्रार करून बसला आणि आता मन खातंय.

पाकिटं मी पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली आहेत. वापरायची असं काही ठरवलं नाही. फेकायचीही नाहीत.

१८ तारीख, मंगळवार

आजचं आजच लिहिते.

मामा आले होते. आज बसलेच नाहीत. म्हणाले, "उद्या तू जाणार. त्याआधी माझ्या तोंडून ऐक. तक्रार मी केली."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, कसली तक्रार?

"तुझी. सेफ्टीसाहेबांकडे. लांबूचा काही संबंध नाही."

नऊ वर्षं ज्या माणसाच्या हातांकडे बघून मी लोखंड उचललं, त्याने हे सांगावं. मला काय काय बोलायचं होतं आणि काय बोलले त्याचा मेळ नाही. तुम्ही माझ्या पोटावर पाय दिलात, म्हणाले. मामा म्हणून हाक मारत होते मी तुम्हाला, म्हणाले. ते ऐकून घेत राहिले. सासूबाई आतून आल्या आणि माझ्यामागे उभ्या राहिल्या, खुर्चीच्या पाठीला धरून.

मग मामा म्हणाले, "पोरी, दुपारी मी तुझ्या हुकाखाली उभा राहत नाही. चार वर्षं झाली."

"ते मला माहीत आहे. पंख्यासाठी."

"पंख्यासाठी नाही."

ते पुढे म्हणाले, "तू वर असतेस, हात चालू असतो, आणि तू नसतेस. मला खालून कळायचं. हुक कसा सरकतो त्यावरून. मी कुणाला बोललो नाही. म्हटलं आपण बाजूला उभं राहू, शिट्टी जोरात मारू, भागेल. माझ्यापुरतं भागत होतं. त्या दिवशी पॅकिंगमधला एक माणूस त्या वाटेने चालला होता. त्याला काय माहीत दुपारी तिथून जायचं नसतं."

मी त्यांना जा म्हटलं. जा म्हणजे, निघा इथून. ते गेले.

मी झोपले असते तर मला कळलं नसतं का? ज्याची झोप त्याला कळते. म्हाताऱ्या माणसाने खांबाआडून काहीतरी बघितलं आणि त्यावर माझी नोकरी जाणार. पाकिटं पिशवीतच आहेत. आता तर राहूच देत.

२० तारीख, गुरुवार

घरी आलेय. सगळं लिहून काढते, उद्या मला वेगळं आठवेल. माझ्या आठवण्यावर आता माझा भरवसा राहिलेला नाही.

रात्रीचं सांगण्यासारखं फार नाही. डोक्यावर, हनुवटीवर, पायांवर वायरी. वायरवालीने पांढरी पेस्ट लावून एक-एक चिकटवली. मी म्हटलं, बाई, आता मला भिंतीत खुपसलं की दिवा लागेल. ती छान हसली. मग सकाळ झाली.

दिवसाची तपासणी खरी, हे लांबूचं बरोबर होतं. पाच वेळा. दर वेळी पडदे ओढायचे, आडवं व्हायचं, आणि ती बाहेरून माइकवर म्हणायची, "डोळे मिटा, झोपायचा प्रयत्न करा." नऊ वर्षं मी जागं राहायचा प्रयत्न केला. आणि इथे हे.

पहिल्या वेळी लागली असावी थोडी. नवी जागा, रात्रीचं अवघडलेपण. दुसऱ्या वेळी मात्र मी चक्क जागी होते. छताकडे तोंड करून पडून होते, सगळे आवाज ऐकत होते. ती आत आली तेव्हा मी म्हटलं, "बघा, या वेळी नाही झोपले." ती म्हणाली, "असं वाटलं का तुम्हाला?" आणि वायर नीट करून निघून गेली. मला तो प्रश्न आवडला नाही.

तिसऱ्या वेळी मी केबिनमध्ये होते. शिडी चढले, खुर्चीत बसले, सगळं रोजच्यासारखं. हुक खाली सोडला. खाली कुणीच नव्हतं, नुसत्या शिट्ट्या वाजत होत्या. एकामागून एक. मी हात मागे घ्यायला गेले तर हात हलेना. पडदा उघडला, उजेड आला, आणि तरी काही क्षण माझा हात हलला नाही. ती शेजारी उभी होती. "स्वप्न होतं का?" म्हणाली. मी नाही म्हटलं.

चौथ्याच्या आधी मी न्हाणीघरात जायला मागितलं. तिने वायरींचा जुडगा सोडवून माझ्या गळ्यात अडकवला. पिशवी घेऊन गेले. दार लावलं. दात घासायचा पेला होता. नळाला पाणी गरम येत होतं. दोन्ही पाकिटं फाडून पेल्यात ओतली आणि ढवळायला काही नव्हतं म्हणून ब्रशच्या दांड्याने ढवळलं. तो वास आला. किती दिवसांनी. तोंडाला पाणी सुटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

आरशात बघितलं. डोक्याला वायरी, गालावर पट्ट्या, हातात पेला.

मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. मी एवढंच मनात म्हटलं, आता हे प्यायचं, आणखी दोनदा डोळे टक्क उघडे ठेवायचे, आणि परत वर जायचं. मग वर गेल्यावर काय होईल ते डोळ्यांपुढे आणत गेले, जेवणाची सुट्टी, पहिली कॉइल, मामांचा हात. आणि मामांचा हात मला खांबापाशीच दिसला. दुसरीकडे कुठे दिसेच ना. मी मागचे दिवस आठवले. पावसाळ्यात, थंडीत, पंखा बंद असताना. त्या खांबाचा पंखा दोन हिवाळे बंदच होता, मीच तक्रार लिहून दिली होती. तरी मामा तिथेच.

माझी दुपार त्यांनी चार वर्षं खांबाआडून काढली. आणि मी वर गाणी गुणगुणत असायचे. निदान मला तसं आठवतं.

बाहेरून तिने हाक मारली, "ठीक आहात ना?"

मी पेला बेसिनमध्ये ओतला. पांढऱ्या बेसिनला लागलेला रंग हाताने धुतला. मग बाहेर आले आणि तिला सांगितलं की मी कॉफी केली होती, प्यायले नाही, वास आला तर घाबरू नका. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "विश्वास नसेल तर लिहून ठेवा." तिने डॉक्टरांना फोन केला. ते स्वतः आले, माझ्यासमोर उभे राहून विचारलं, "एक घोटही नाही?" मी म्हटलं, एक घोटही नाही. ते म्हणाले, "चला, चौथी करू."

चौथी आणि पाचवी मला आठवत नाही.

२७ तारीख, गुरुवार

निकाल. नवरा सोबत होता, सासूबाईही आल्या, नको म्हटलं तरी.

डॉक्टरांनी कागद माझ्याकडे फिरवला. पाचही वेळा झोप लागली होती. सगळ्यात लवकर दुसऱ्या वेळी, ज्या वेळी मी जागी होते. आडवी झाल्यावर दोन मिनिटंही लागली नाहीत. आणि स्वप्नांची झोप, जी इतरांना रात्री बऱ्याच वेळाने येते, ती मला लगेच येते. आजाराला नाव आहे, नार्कोलेप्सी. आळस नाही, मनाचा ताण नाही. मेंदूतली जागं ठेवणारी एक यंत्रणा कमी पडते. बरा होत नाही, पण औषधाने बराच आटोक्यात राहतो.

"केबिन?" मी विचारलं.

"मी तरी तसा कागद देऊ शकणार नाही."

हे त्यांनी मऊ आवाजात सांगितलं. मला वाटलं होतं मी भांडेन. नाही भांडले.

मग त्यांनी विचारलं, "हसताना कधी गुडघे ढिले पडतात? हातातली वस्तू पडते?"

मी म्हटलं, "ते सगळ्यांचंच होतं."

"नाही होत," डॉक्टर म्हणाले.

त्यावर नवरा म्हणाला, "आमच्याकडे बंद आहे ते."

"काय बंद आहे?"

"हसवणं. जिन्यावरून पडता पडता वाचली होती ही. डोळे उघडे, पण मान टाकलेली, बोलता येत नव्हतं. त्याआधी एकदा गॅसपाशी झालं होतं. मग मी बंदच केलं." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "घाबरेल म्हणून सांगितलं नाही. डॉक्टरकडे ने म्हटलं की ही म्हणायची, मला काय झालंय."

सासूबाई म्हणाल्या, "म्हणून मी ओट्यापाशी असते. मला काय हौस आहे त्या मिठाची."

मला रडू आलं, आणि रडण्यानेही मान लटलटायला लागली. नवऱ्याने हनुवटीखाली हात धरला. डॉक्टर म्हणाले, "हेच. हेच विचारत होतो."

घरी येताना वाटेत मी सासूबाईंना म्हटलं, "आई, ती गोळी तुम्ही मायेनेच दिली होती. तेव्हाच बोलायला हवं होतं मी." त्या म्हणाल्या, "पुढे बघून चाल."

३१ तारीख, सोमवार

सेफ्टीसाहेबांनी मला यार्ड ऑफिसात कायमचं घेतलंय. लेबलं नाहीत. कुठली कॉइल कुठल्या थप्पीवर, आधी कुठली निघेल, कुठली खाली ठेवली तर अडकेल, हे आता मी सांगायचं. दुपारी जेवल्यावर वीस मिनिटं प्रथमोपचाराच्या खोलीत झोपायचं. डॉक्टरांनी ते औषधासारखंच कागदावर लिहून दिलंय. दार लोटून आडवी झाले तेव्हा चोरी करतेय असं वाटत होतं. तरी झोप लागली. माझीच ती, लागणारच.

वर बघणं मात्र सोपं नाही. लांबू हिसका देतो तेव्हा माझा हात इथे टेबलावर आपोआप मागे येतो. आज त्याने रेडिओवर विचारलं, "बाई, अशी ठेवू?" थप्पी एका अंगाला कलत होती. मी म्हटलं, "उचल परत. डावीकडे. हळू." त्याने उचलली.

मामा सकाळीच भेटले होते. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी दंड धरून उभं केलं आणि म्हणाले, "ते राहू दे. औषध घेतलंस का?" मी विचारलं, त्या दिवशी वाटेवर कोण होतं. त्यांनी पॅकिंगच्या बाजूला हात केला.

सुट्टी झाल्यावर मी तिकडे गेले. पन्नाशीचा माणूस, खोक्यांना पट्टी मारत होता. मला ओळखलं नाही त्याने. मी सांगितलं, मी क्रेनवरची. त्या दुपारी तुम्ही थप्पीच्या वाटेने चालला होता, तेव्हा कॉइल तुमच्या डोक्यावर आली होती. मी वर झोपले होते.

ते वाक्य पहिल्यांदाच तोंडातून निघालं.

तो पट्टी हातात धरून आठवत राहिला. मग म्हणाला, "मी पाठमोरा होतो बहुतेक ताई. मला काही कळलंच नाही."

मी म्हटलं, "मलाही नाही."